फडक्याखालचा ठोका

नील यंगचा ‘हार्वेस्ट’ हा अल्बम १९७२च्या फेब्रुवारीत आला. त्यातलं पहिलंच गाणं ‘आउट ऑन द वीकेंड’. ते फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा. मी ज्या ठोक्याबद्दल लिहिणार आहे त्याचं वजन साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतं आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथे हात टेकतो. पहिल्या खेपेला शब्दांकडे दुर्लक्ष करा, फक्त स्नेअर ड्रम ऐका. तो ‘टण्ण’ वाजत नाही. भरलेल्या उशीवर तळहात मारावा तसा ‘ढप्’ वाजतो. येतो, आणि मागे काहीही न सोडता जातो.

ड्रम वाजवणारे याला ‘फॅट’ स्नेअर म्हणतात आणि त्याच्या आगेमागे ‘व्हिंटेज’ हा शब्द हमखास लागतो. आज हा आवाज विकत मिळतो. त्याचे सॅम्पल पॅक आहेत, प्लगइन आहेत, ड्रमवर ठेवायच्या रबरी चकत्या आहेत, चिकटवायचे जेलचे तुकडे आहेत. मी दिवसा बॅकएंडचा कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी ड्रम्स वाजवतो, त्यामुळे यातलं बरंचसं पगाराच्या पैशातून विकत घेऊन झालंय. तरीही तो आवाज मला बरीच वर्षं मिळाला नाही. तो का मिळाला नाही, हे सांगायचं तर आधी मी केलेली एक चूक सांगावी लागेल.

“जरा जोर लावून गा ना”

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी एक गाणं रेकॉर्ड करायला घेतलं. पुण्यात तासावर भाड्याने मिळणारी जॅम रूम, तीन-चार माइक, एक लॅपटॉप. गाणारी मैत्रीण कॉलेजपासूनची. तिचा आवाज बारीक, शेजारी बसून बोलल्यासारखा. गाणं तिनेच लिहिलेलं, आजीच्या बंद घराबद्दलचं. माझा स्नेअर मात्र तेव्हा ऐन भरात होता. पितळी शेल, वरचं हेड कडक ताणलेलं, दर ठोका खणखणीत. खोलीत सगळे म्हणाले, काय आवाज आहे!

रेकॉर्डिंग ऐकलं तर दर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तिचे शब्द बुडत होते. तिचा आवाज वाढवला तर तो टोचायला लागला. स्नेअर कमी केला तर गाण्यातला जीवच गेला. दोन शनिवार असे गेल्यावर ती म्हणाली, “माझा आवाजच पुरत नाही रे. तुम्ही दुसरी कुणीतरी बघा.” आणि मी तिला म्हणालो, “जरा जोर लावून गा ना.”

हे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते. त्या आठवड्यात ऑफिसच्या बसमध्ये ‘हार्वेस्ट’ ऐकत होतो आणि डोक्यात आलं, यंगचा आवाज तरी कुठे मोठा आहे? उंच, किरकिरा, कधीही तुटेल असा. तरी त्याचा एकही शब्द बुडत नाही. ते गाणं मी शंभर वेळा ऐकलं असेन, आणि प्रत्येक वेळी ड्रमर काय वाजवतोय एवढंच ऐकलं होतं. तो काय वाजवत नाहीये, इकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

पडदा का ठणकतो

थोडं यंत्राबद्दल. स्नेअर म्हणजे दोन तोंडांचा उथळ ड्रम. व्यास बहुधा १४ इंच, खोली पाच ते साडेसहा इंच. वरच्या हेडवर काठी पडते. खालचं हेड अगदी पातळ असतं आणि त्याला चिकटून बारीक तारांचा पट्टा ताणलेला असतो, साधारण वीस तारांचा. काठी पडली की आतली हवा खालच्या हेडला ढकलते, तारा त्यावर आपटतात आणि ठोक्यात तो ओळखीचा ‘च्छ’ मिसळतो.

तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात. हे पूर्णांकांचं नातं कानाला सुरेल लागतं. गोल पडद्याचं गणित वेगळं. त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशा आडनिड्या जागी पडतात. म्हणून उघडा स्नेअर ठणकतो. त्या ठणकेत स्वर असतो, पण गाण्याच्या सुराशी त्याचं देणंघेणं नसतं.

आपल्याकडे या अडचणीवर शाईचा तोडगा निघाला. सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की आपल्या वाद्यांच्या पुडीवरच्या शाईच्या वजनामुळे उपस्वर पुन्हा सुरेल नात्यात येतात. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात, तीही वजनासाठीच. वजन वाढलं की स्वर खाली उतरतो आणि भरदार होतो. भजनाआधी पखवाजाला कणीक लावताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ‘फॅट’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायची गरज नाही.

स्नेअरला शाई नाही. त्यामुळे उपस्वरांना वळण लावायची सोय नाही, फक्त त्यांना गप्प करता येतं. त्यासाठी हाताशी दोनच उपाय: ताण उतरवणं आणि उरलेलं दाबणं.

त्या रात्री मी घरी हे दोन्ही केलं. खालचं हेड घट्टच ठेवलं, कारण ते सैल पडलं तर तारा नुसत्या फडफडतात. वरचं पूर्ण सैल केलं. आधी सगळे स्क्रू बोटांनी जेमतेम घट्ट, मग किल्लीने समोरासमोरच्या जोड्या घेत पाव-पाव फेरी. सुरकुत्या गेल्यावर अगदी थोडं पुढे जाऊन थांबलो. प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत टिचकी मारून स्वर जुळवले. आणि मग माझ्या बाजूचा एक स्क्रू मुद्दाम ढिला केला. आधी सगळं जुळवायचं आणि मग एका जागी बिघडवायचं, हे माझ्यातल्या इंजिनिअरला पटत नव्हतं. पण ताण सगळीकडे सारखा असला की एक शीळ टिकून राहते. एका जागी तो मोडला की शीळही मोडते.

मग ओट्यावरचं भांडी पुसायचं फडकं आणलं. पूर्ण पसरलं तर पुठ्ठ्याचं खोकं वाजायला लागलं. चौघडी करून काठाशी, हेडचा तिसरा हिस्सा झाकेल असं ठेवल्यावर ठणक गेली आणि पोट राहिलं. काठाजवळच्या दडपणाने वरचे उपस्वर आधी मरतात. मध्यावर दडपण आलं तर मूळ स्वरच गुदमरतो. काठी नेमकी मध्यात मारायची, कडेला लागू द्यायची नाही, आणि जोरात तर मुळीच नाही. सैल हेडवर जोरात मारलं की ते क्षणभर ताणलं जातं, स्वर वर उडून खाली घसरतो आणि ठोका ‘ढ्योव’ असा निघतो. हळू मारलेला ठोका जाड राहतो.

म्हणजे भरदार आवाजासाठी ताण कमी, कंपन कमी आणि हातातला जोरही कमी. आठ वर्षं मी याच्या अगदी उलट दिशेने जात होतो.

माइक जवळ आला तेव्हा

ही फडकी ड्रमवर आली ती काही जुनाट आवाजाच्या हौसेने नाही. १९६६मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत वीस वर्षांचा जेफ एमरिक बीटल्सचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ रेकॉर्ड करत होता. त्याने माइक ड्रमच्या अगदी जवळ नेला. स्टुडिओच्या नियमात हे बसत नव्हतं. शिवाय बेस ड्रमच्या आत त्याने एक लोकरी स्वेटर कोंबला. लांबच्या माइकला खोलीतली हवा गाळून जे देते, ते जवळच्या माइकला कच्चंच मिळतं. त्यात प्रत्येक कुरकुर आणि प्रत्येक शीळ असते. माइक जवळ आला आणि कापडाची गरज पडली. २०२१मध्ये आलेल्या ‘गेट बॅक’ माहितीपटात १९६९चा रिंगो दिसतो, आणि त्याच्या ड्रम्सवर पसरलेली फडकीही दिसतात. त्याच वर्षीच्या ‘कम टुगेदर’मध्ये टॉमचे ठोके जाड गालिच्यावर पडल्यासारखे येतात ते यामुळेच.

मेम्फिसचा अल जॅक्सन ज्युनिअर स्नेअरवर खिशातलं पाकीट ठेवायचा, असं वादकांमध्ये सांगतात. पाकीट असो वा नसो, अल ग्रीनच्या ‘लेट्स स्टे टुगेदर’मधले ड्रम्स ऐका. हे गाणं विली मिचेलच्या रॉयल स्टुडिओत झालं. तो स्टुडिओ म्हणजे मुळात एक सिनेमा थिएटर, ज्याची जमीन अजून उतरती आहे. ग्रीन इथे जवळजवळ कुजबुजतो. श्वास आत घेतल्याचा आवाज हासुद्धा गाण्याचा भाग आहे. त्या कुजबुजीवर एखादा ठणकणारा स्नेअर आला असता तर पहिली व्यंजनं गेली असती, कारण ‘स’, ‘त’, ‘च’ यांची धार ड्रमच्या ‘च्छ’च्या शेजारीच राहते. ठोका खाली उतरवल्यामुळे आणि दाबल्यामुळे वरचा सगळा मजला गाणाऱ्यासाठी मोकळा झाला. आणि ड्रमर दाबला गेला असं म्हणायचीही सोय नाही. या गाण्याच्या तीन रचनाकारांत ग्रीन आणि मिचेल यांच्याबरोबर अल जॅक्सनचंही नाव आहे.

आता ‘हार्वेस्ट’कडे परत. ‘आउट ऑन द वीकेंड’ नॅशव्हिलमधल्या क्वाड्राफोनिक स्टुडिओत झालं. तो स्टुडिओ एका जुन्या घरात थाटलेला होता. ड्रमर केनी बट्री, बेसवर टिम ड्रमंड. बट्री इतकं कमी वाजवतो की ड्रम शिकायला लागून महिना झालेला मुलगाही ते वाजवू शकेल, असं वाटतं. मी वाजवून पाहिलं. नाही जमलं. लय संथ आहे आणि ठोका लगेच संपतो, म्हणून दोन ठोक्यांमध्ये खरीखुरी शांतता तयार होते. त्या शांततेत तुमची किंचित घाईही उघडी पडते. ठणकणाऱ्या ड्रमची शेपटी अशा चुकांवर पांघरूण घालते. इथे पांघरूण ड्रमवर आहे, ड्रमर उघडा आहे.

आणि यंगचा आवाज बरोबर त्या शांततेत येतो. एकटेपणाचं गाणं आहे ते. ठोका क्षणभरही जास्त रेंगाळला असता तर त्या माणसाला सोबत मिळाली असती.

भिंतीएवढा ड्रम

हे सगळं किती लवकर उलटलं! १९८०मध्ये पीटर गेब्रिएलच्या तिसऱ्या अल्बममधलं ‘इन्ट्रूडर’ आलं. ड्रम्सवर फिल कॉलिन्स, रेकॉर्डिंगला ह्यू पॅडगम. खोलीचा सगळा घुमारा दाबून मोठा करायचा आणि मध्येच कात्रीने कापल्यासारखा तोडायचा, ही युक्ती तिथे सापडली. १९८१च्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये तीच युक्ती साडेतीन मिनिटं दबा धरून बसते आणि मग कोसळते. मला ते गाणं आवडतं. पण तिथे ड्रम हे पात्र आहे आणि गाणारा त्याची वाट बघत थांबलेला आहे. पुढची काही वर्षं जवळपास प्रत्येक गाण्यात असा भिंतीएवढा स्नेअर आला, कोसळण्यासारखं काही नसलेल्या गाण्यांतसुद्धा.

अर्थात फडक्याचं युगही निर्दोष नव्हतं. सत्तरच्या दशकात पुढे पुढे स्टुडिओच्या भिंतींना गालिचे लागले, ड्रमवर टेपच्या पट्ट्यांचे थर चढले, खालची हेडं काढून टाकली गेली. त्या काळातल्या कित्येक रेकॉर्डवर ड्रम अक्षरशः मेलेला ऐकू येतो. आणि ठणक हा काही रोग नाही. ‘द पोलीस’मधल्या स्ट्युअर्ट कोपलंडचा उंच, चाबकासारखा स्नेअर फडक्याखाली घातला तर ती गाणी जागेवर बसतील. माइल्स डेव्हिसबरोबर वाजवणाऱ्या टोनी विल्यम्सचा ड्रम बोलतो, वाद घालतो. त्याला गप्प करणं हा अन्यायच. शिवाय फडक्याखाली काठीचे हलके, मधले ठोके गिळले जातात, त्यामुळे भरगच्च वाजवणाऱ्यासाठी ते शिक्षाच आहे. प्रश्न दर वेळी एकच असतो: या गाण्यात बोलायचं कुणाला आहे?

जुनेपणाचा फिल्टर

आता आमच्या पिढीबद्दल. आम्ही ‘व्हिंटेज’ स्नेअर फोटोवरच्या पिवळट फिल्टरसारखा लावतो. प्लगइन उघडायचं, ‘१९७२’ छापाचा प्रीसेट निवडायचा, झालं. ठोका जाड होतो, पण त्याच्याभोवती गिटारचे सहा थर, सिंथचे चार, आणि आवाजाच्या तीन प्रती. ज्याच्यासाठी जागा करायची तो कुठे दिसतच नाही. मग तो जाड ठोका म्हणजे लग्नातला भाड्याचा फेटा वाटतो.

जुन्याची नक्कलच वाईट, असं मला म्हणायचं नाही. एमी वाइनहाउसच्या २००६च्या ‘बॅक टू ब्लॅक’मध्ये मार्क रॉन्सनने ब्रुकलिनच्या डॅप-किंग्जना बोलावलं. तिथला साठच्या दशकाचा आवाज उघडउघड उसना आहे. तरी तो खोटा वाटत नाही, कारण ते वादक त्याच पद्धतीने वर्षानुवर्षं एकत्र वाजवत आले होते. एका खोलीत बसून एकमेकांना ऐकण्याची त्यांची सवय त्या ठोक्यांत उतरली आहे. आणि वाइनहाउसच्या आवाजाला समोर उभं राहायला जागा आहे. आवाज उसना आणता येतो. कुणासाठी गप्प राहायचं, ते मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

प्रीसेटमध्ये नेमकं हेच नसतं. त्यात आवाजाचं उत्तर असतं, त्यामागचा प्रश्न पुसलेला असतो. कोड लिहिताना मी ज्युनिअरांना नेहमी सांगतो की कुठूनतरी उचललेलं उत्तर चालेल, पण ते कशाचं उत्तर आहे ते आधी वाच. ड्रमच्या बाबतीत मी स्वतः ते कधी वाचलं नव्हतं.

तिसरा टेक

पुढच्या शनिवारी मी तो सैल ड्रम आणि ते फडकं घेऊन जॅम रूममध्ये गेलो. गिटारवाल्याने पहिला ठोका ऐकला आणि विचारलं, “पिठाचा डबा आणलास का?” त्याचं चुकत नव्हतं. एकटा ऐकला तर हा ड्रम दरिद्री वाटतो. त्याला बेस लागतो, गिटार लागते, आवाज लागतो, मग त्याचं पोट कळतं. एकट्याने छान वाजणाऱ्या ड्रमवर आठ वर्षं खूष असलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागला. खोलीत या वेळी कुणीही ‘काय आवाज आहे’ म्हणालं नाही.

मैत्रिणीला मी यायला लावलं होतं, फार मिनत्या करून. तिला फक्त एवढंच सांगितलं, “तुझा आवाज नेहमीसारखाच ठेव. गेल्या वेळी चूक माझी होती.” पहिल्या दोन टेकना ती सवयीने जोर लावत होती. मी तिला जोर लावायला सांगितलं होतं ना! तिसऱ्या टेकला तिने डोळे मिटले आणि आपल्या आवाजात गायली. आजीच्या घराचं कुलूप, त्याची किल्ली, परड्यातलं चिंचेचं झाड. एकेक शब्द नीट ऐकू येत होता. आवाज पहिल्याइतकाच बारीक होता.

गाण्यातल्या चुका अजून ऐकू येतात. दुसऱ्या कडव्यात मी एकदा घाई केली आहे आणि फडक्याने ती लपवली नाही. ते गाणं शंभर-सव्वाशे लोकांनी ऐकलं असेल. त्यातल्या एकानेही स्नेअरबद्दल काही लिहिलं नाही. दोघांनी मात्र विचारलं, ते घर कुठल्या गावचं?

फडकं मी परत ओट्यावर नेऊन ठेवलं होतं. आईने ते धुवायला टाकलं आणि आता त्याच्या जागी दुसरं आहे, जरा पातळ. पुढच्या गाण्याला त्याची चौघडी पुरणार नाही, आणखी एक घडी घालावी लागेल.